पाणी-उपवास उद्या सोडायचाय आणि आईने साबुदाणा भिजवलाय

उंबरठा | शुक्रवार, रात्री ९.१२

मंडळी, प्रश्न घाईचा आहे.

बुधवारी रात्री आठला जेवलो (पोळी, दुधीची भाजी, वरणभात), त्यानंतर फक्त पाणी. म्हणजे आत्ता एकोणपन्नास तास झाले. वय ४१, वजन ८४ किलो. बीपी नाही, शुगर नाही, गोळी एकही चालू नाही, दोन महिन्यांपूर्वीच सगळ्या तपासण्या करून झाल्यात. काल संध्याकाळी डोकं भयंकर ठणकत होतं, ते बहुधा चहा तोडल्यामुळे. आज हलकं वाटतंय, फक्त मघाशी खुर्चीतून उठताना क्षणभर अंधारी आली. उद्या रात्री आठपर्यंत खेचून ७२ तास पुरे करायचा बेत आहे.

सोडायचा कशाने, ते सांगा.

विचारायला कारण आहे. गेल्या वर्षी ४८ तासांचा केला होता आणि तो मी मिसळीने सोडला. हसू नका. रविवारची सकाळ होती, मित्र गाडी घेऊन दारात उभे होते, मी म्हटलं सोडायचाच आहे तर जोरात सोडू. पहिले चार घास स्वर्ग. दुसरा पाव संपेपर्यंत कपाळावर घाम. परतताना पोटात अशी कळ आली की मित्राला गाडी कडेला घ्यायला लावली आणि एका अनोळखी सोसायटीच्या वॉचमनला हात जोडले. त्या भल्या माणसाने काही न विचारता किल्ली काढून दिली. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

आता घरची परिस्थिती. आईच्या लेखी उपवास म्हणजे साबुदाणा. तीन दिवस काहीच न खाणं तिला मुळात मंजूर नाही, पण “सोडशील तेव्हा निदान खिचडी तरी खा” म्हणून वाटीभर साबुदाणा भिजत घातलाय. दाण्याचं कूटही करून ठेवलंय. तिला काय सांगू?

---

तिरकस | ९.२०

तर्री परत मागितली होतीस का, तेवढं सांग.

---

उंबरठा | ९.२१

दोनदा.

---

खवय्या_नंबर_एक | ९.२६

एकादशी अन् दुप्पट खाशी! आमच्याकडे उपवास सोडायला श्रीखंड-पुरी असते आणि आजवर कोणी गेलेलं नाही. फार विचार करू नका, पोट मागेल ते द्या.

---

चिपळूणकर_काकू | ९.४१

खवय्या, तुमच्याकडचा उपवास म्हणजे दिवसभर बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, खजूर आणि दोन कप दूध. पोट रिकामं झालेलंच नसतं, ते सोडायचं काय! याचं पोट दोन दिवस खरंच बंद आहे.

उंबरठा, अरे बाळा, पेज कर. दुसरं काही शोधू नकोस. उकडा तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर घरात असेल तो, फक्त बासमती नको. एक मूठ तांदूळ धुऊन आठ वाट्या पाण्यात जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव. कुकर लावू नकोस. कुकरमध्ये भात शिजतो, पण पाण्याला दाटपणा येत नाही. शितं फुटून त्यांच्या कडा विरघळायला लागल्या, पळी वर उचलली की पाणी धारेऐवजी जरा ओघळायला लागलं, की झाली. वरचं पाणी एका वाटीत ओतून घे, चिमूटभर मीठ घाल आणि चमच्याने पी. वाटी तोंडाला लावू नकोस. वाटी तोंडाला लावलीस की संपेपर्यंत खाली येत नाही, हे मी माझ्या मुलांकडे बघून सांगते.

अर्धी वाटी झाली की थांब. तासाभराने तीच पेज शितांसकट घे. तिसऱ्या खेपेला मऊ भात, वर मेतकूट आणि अर्धा चमचा तूप. आमचे सासरे टायफॉइडमधून उठले तेव्हा सासूबाईंनी त्यांना चार दिवस पेजेवर ठेवलं होतं आणि वरण पाचव्या दिवशी दिलं. ते रोज चिडायचे आणि त्या रोज वाटी पुढे करायच्या.

---

मडगांवकार | ९.४८

पेजेला माझं मत. आमच्याकडे गोव्यात शेतावरून आलेला माणूस अकरा वाजता पेज घ्यायचा, सोबत लोणचं नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा. उद्या तेवढा बांगडा वगळा.

---

सांगलीची_हळद | १०.०३

मी जैन, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात कोणालाही मध्यरात्री उठवून विचारलं तरी उत्तर मिळेल. 🙂

पहिली गोष्ट, रात्री सोडू नका. आमच्यात पारणं सकाळीच होतं. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी येते, त्यानंतर. धर्माचं कारण बाजूला ठेवलं तरी व्यवहार कळतो. सकाळी सोडलं की थोडं खाऊन हिंडता-फिरता येतं, पोट काय म्हणतंय ते दिवसभर कळत राहतं. तुम्ही रात्री आठला सोडणार, साडेनऊला भूक खवळणार, घरात सगळे झोपलेले, आणि फ्रिज उघडा. मग जे पोटात जाईल ते घेऊन आडवे होणार. हे मी बघितलंय.

दुसरी गंमत. आमचा एक उपवास म्हणजे आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून मधला अख्खा दिवस धरून परवाच्या सकाळपर्यंत, साधारण ३६ तास. दोन सलग केले की साठ तास, त्याला छठ्ठ किंवा बेला म्हणतात. छठ्ठ म्हणजे सहा वेळचं जेवण सोडलं. तीन उपवासांना अठ्ठम, आठ वेळचं. तुम्ही उद्या सकाळी आठला सोडलात तर बरोबर साठ तास, म्हणजे नकळत छठ्ठ झालं की! (बुधवारी रात्री आठला जेवलात म्हणून आमच्या हिशेबात तुम्ही पहिल्याच पायरीवर बाद, ते सोडा.) पाणीसुद्धा आम्ही उकळून गार केलेलं पितो आणि तेही सूर्यास्तापर्यंतच.

पारण्याला आधी मगाचं, म्हणजे मुगाचं, पाणी. अख्खे हिरवे मूग भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी गाळून घ्यायचं, त्यात मीठ, मिरपूड, किंचित सुंठ. कोमट असताना घोट घोट. मग वेळ जाऊ द्यायचा. नंतर राब, म्हणजे तुपावर थोडं गव्हाचं पीठ भाजून गूळपाण्यात पातळ शिजवलेलं, त्यात सुंठ-गंठोडा (पिंपळमूळ). मोठ्या तपश्चर्येनंतर राबसुद्धा दोन-चार चमचेच.

आता आमच्यात काय चुकतं तेही सांगते. माझ्या आत्याने अठ्ठाई केली होती, आठ दिवस. पारण्याला घर भरलेलं. प्रत्येक नातेवाईक येऊन “शाता आहे ना?” (बरं आहे ना?) विचारणार आणि प्रेमाने एक चमचा भरवणार. एकेक चमचाच, पण नातेवाईक तीस! कोणी मुगाचं पाणी, कोणी शिरा, कोणी केशरी दूध. आत्या कोणाला नाही म्हणेना. अकराच्या सुमारास सगळं उलटून पडलं आणि संध्याकाळी सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून आमच्या आईने नियम केलाय: पारण्याला वाटी एकच, ती आईच्या हातात, पाहुण्यांनी लांबून आशीर्वाद द्यावेत.

---

उंबरठा | १०.११

हळदताई, फ्रिजचं वर्णन ऐकून अंगावर काटा आला. ७२ चा हट्ट सोडला. उद्या सकाळी आठ.

---

केटोनाथ | १०.१९

पेज, राब, मऊ भात, सगळी कार्बंच कार्बं. दोन दिवस घाम गाळून कीटोसिसमध्ये, म्हणजे शरीर चरबीवर चालायच्या अवस्थेत, गेलात आणि पहिल्या घासाला बाहेर पडणार? हाडांचं सूप घ्या, दोन उकडलेली अंडी, अर्धं अव्होकाडो. स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस उपाशी होता. त्याने उपवास सोडला तो उकडलेलं अंडं, लोणी लावलेला पाव आणि काळी कॉफी घेऊन. तो मेला नाही, तुम्ही साठ तासांत काय मरणार?

---

स्टेथो | १०.५२

ओपीडी संपवून आत्ता बसलोय. फिजिशियन आहे, पण इथे प्रत्यक्ष तपासल्याशिवाय लिहितोय हे लक्षात असू द्या.

केटोनाथ, बार्बिएरीचं नाव घेता तर पूर्ण घ्या. तो डंडीच्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली होता, त्याच्या रक्त-लघवीच्या तपासण्या होत होत्या, जीवनसत्त्वं, यीस्ट, काही काळ पोटॅशियम-सोडियम दिलं जात होतं. आणि सुरुवातीला तो लठ्ठ होता, दोनशे किलोंच्या वर. त्याच्या अंड्यावरून आपल्या अंड्याचा नियम काढता येत नाही. तरी एक मान्य करतो: उंबरठांनी पेजेनंतर दुपारी एक उकडलेलं अंडं खाल्लं तर माझी हरकत नाही. हरकत अव्होकाडो, लोणी, सुपावरचा तेलाचा तवंग हे पहिल्याच घासाला घेण्याला आहे. दोन-अडीच दिवस चरबी पोटात गेलेली नाही, त्यामुळे पित्ताशय नीट आकसलेलं नाही, आत पित्त दाटून बसलंय. त्यावर एकदम तेल-तूप पडलं की ते जोरात आकसतं. पित्तखडे असतील (आणि पुष्कळांना असतात पण माहीत नसतात) तर उजव्या बरगडीखाली अशी कळ येते की रात्री अॅडमिट व्हावं लागतं.

मिसळीचं कोडंही असंच उलगडतं. रिकाम्या आतड्यात एकदम तेल, तिखट आणि मोडाची उसळ गेली. पोट ताणलं गेलं की खालच्या आतड्याला हलायचा निरोप जातोच, तो तुमच्या बाबतीत वॉचमनपर्यंत पोहोचला.

मग लगेच गोड का नको? यकृतात साठवलेली साखर, ग्लायकोजेन, साधारण १०० ग्रॅम असते आणि ती पहिल्या दिवसातच बहुतेक संपते. नंतर शरीर चरबी आणि किटोनवर चालायला लागतं आणि साखर हाताळायची सवय तात्पुरती मोडते. अशा वेळी मोठा ग्लासभर रस किंवा सरबत घेतलंत तर रक्तातली साखर एरवीपेक्षा जास्त चढते. मग काहींना घाम, थरथर, गळाठा. पेजेतही स्टार्च आहे, ती साखरच होते, हे केटोनाथांचं बरोबर. पण अर्धी वाटी निवळीत स्टार्च असतो किती? काकूंच्या पद्धतीतला मोठा गुण म्हणजे मात्रा इतकी लहान आहे की चूक झाली तरी लहानच होते.

अंधारीबद्दल: उपवासाच्या पहिल्या दिवसांत लघवीवाटे मीठ बरंच जातं, वर तुम्ही नुसतं पाणी पीत होतात. उठताना बीपी पडतं ते त्यामुळे. आज रात्री झोपण्यापूर्वी पाण्यात चिमूटभर मीठ घालून प्या. साधं मीठ चालेल. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, त्यात जादू नाही. आणि पलंगावरून उठताना आधी मिनिटभर बसा. पुन्हा अंधारी आली, चक्कर आली किंवा छातीत धडधडलं तर सकाळची वाट बघू नका, उपवास तिथेच सोडा.

आता ज्याला आम्ही खरं घाबरतो ते. बरेच दिवस उपाशी माणसाला एकदम भरपूर, विशेषतः पिठूळ-गोड दिलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. बी१ जीवनसत्त्वही भराभर खर्ची पडतं. हृदयाचे ठोके बिघडतात, धाप लागते, माणूस गोंधळतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यात काही दगावले, तेव्हापासून हा प्रकार डॉक्टरांच्या नीट लक्षात आला. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेची मार्गदर्शक सूचना अशी: पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये. दहा दिवसांच्या वर, किंवा माणूस फार कृश असेल, रोज पिणारा असेल, तर धोका आणखी वाढतो. साठ तास उपाशी, धडधाकट, ८४ किलोच्या माणसात तो कमी आहे. म्हणून उंबरठा, तुम्ही निवांत झोपा. पण हा धागा वाचून कोणी सात दिवस करायला निघालं असेल तर त्यांनी सोडताना डॉक्टर गाठावा. खरं म्हणजे सुरू करतानाच.

---

नारायणपेठी | ११.०४

डॉक्टर, वडील ६८, मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू. निर्जळी एकादशी करतात, पाणीसुद्धा नाही. द्वादशीला सकाळी पारणं म्हणून गूळपोळी. ऐकत नाहीत.

---

स्टेथो | ११.१५

गोळ्यांची नावं बघा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी “ग्लिफ्लोझिन” असेल तर वेगळीच आफत: साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि रक्तात आम्ल साचत जातं. उलट्या, पोटदुखी, धाप, आणि ग्लुकोमीटर दाखवतो १८०, त्यामुळे घरच्यांना वाटतं ठीक आहे. त्यात पाणीही नाही म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. एकादशीच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून कोणती गोळी किती दिवस थांबवायची ते ठरवा, मनाने थांबवू नका. इन्सुलिन घेणारे, गरोदर बाया, मूत्रपिंडाचे रुग्ण, गाउट असलेले, यांनी हा खेळच खेळू नये. गाउटवाल्यांचं तर उपवासात युरिक अॅसिड वाढतंच, तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा सुजवून येतात.

---

इतिहासाचा_कीडा | ११.३१

डॉक्टरांनी रसाला नको म्हटलं म्हणून थोडं अवांतर. आपल्याकडे उपोषण सोडताना मोसंबीच्या रसाचा ग्लास पुढे करायची जी प्रथा झाली ती गांधीजींमुळे, आणि तिचे मोठे प्रसंग आपल्या पुण्यातच घडले. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू, २४ ला पुणे करार, २६ ला संध्याकाळी संत्र्याचा रस घेऊन समाप्ती. रवींद्रनाथ तिथे हजर होते, त्यांनी गाणं म्हटलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात २१ दिवसांचं, तेही पुण्यातच पुरं झालं. १९४३ चं आगाखान पॅलेसमध्ये, १० फेब्रुवारी ते ३ मार्च. पण फोटोत ग्लासच दिसतो. आजूबाजूला डॉक्टर असत, आणि उपोषणातही गांधीजी पाण्यात मीठ किंवा सोडा घालून घेत. म्हणजे डॉक्टरांनी आज रात्री सांगितलेली चिमूट तिथेही होतीच.

आणखी जुनं हवं तर अंबरीष राजा. द्वादशी सरत आलेली, दुर्वास नदीवर स्नानाला गेलेले, अतिथीच्या आधी जेवता येईना आणि पारणं तर चुकता कामा नये. राजाने नुसतं पाणी पिऊन पारणं केलं. तरी दुर्वास संतापलेच.

---

तिरकस | ११.३६

पाणी-उपवास पाण्याने सोडणारा पहिला माणूस. उंबरठाने हे करावं, साबुदाण्याचा प्रश्नही मिटेल.

---

वैद्य_नव्हे_पण_वैद्यांची_मुलगी | ११.५०

आयुर्वेदात याला संसर्जनक्रम म्हणतात. वमन-विरेचन (औषधाने उलटी-जुलाब) झालं की अग्नी मंद असतो, मग पेया, विलेपी (दाट पेज), नंतर साधं यूष, मग फोडणी-मिठाचं यूष, मांस खाणाऱ्याला पुढे मांसरस, असं चढत जायचं. शुद्धी मोठी झाली असेल तर हा क्रम सात दिवस चालतो. बाबा म्हणायचे, चुलीतली विझत आलेली ठिणगी आहे, तिच्यावर ओंडका टाकलात तर विझेल, गवताची काडी घाला. काकूंची पेज म्हणजे पेयाच आणि हळदताईंचं मगाचं पाणी म्हणजे यूष. उंबरठांचं विरेचन मात्र मिसळीनंतर झालं, ते उलट्या क्रमाने. 😀

---

डब्लिनची_चिमणी | शनिवार, पहाटे २.४०

इथे रात्रीचे दहा वाजून गेलेत. मी दर दोन-तीन महिन्यांनी ३६ तासांचा करते, तेवढ्याला एवढं सोवळं लागत नाही. एक वाटी ताक, जिरं-मीठ, मग तासाभराने नेहमीचं साधं जेवण. पण एकदा ६० तासांनंतर पहिल्यांदाच ग्लासभर दूध प्यायले आणि दिवसभर पोट नगाऱ्यासारखं. दह्या-ताकाचं कधी बाधलं नाही.

परदेशात मेतकूट संपलं असेल तर चिनी उपाहारगृहात साधी काँजी मिळते, वरचे तळलेले तुकडे नकोत म्हणायचं. काँजी हा शब्दही मूळ तमिळ कंजीवरूनच फिरत गेलाय. म्हणजे काकूंची पेजच, फक्त विमानाने आलेली.

---

उंबरठा | शनिवार, सकाळी १०.२०

सोडला! सविस्तर लिहितो.

रात्री मीठपाणी घेऊन झोपलो, सकाळी अंधारी नाही. काकूंची पेज स्वतः केली. आई दारात उभी राहून बघत होती आणि “एवढ्या पाण्यात मूठभर? हे काय गुरांचं करतोयस?” असं म्हणत होती. पाऊण तास लागला. आठ वाजून पाच मिनिटांनी पहिला चमचा.

काकू, खोटं वाटेल, पण भाताला एवढा वास असतो हे मला एकेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. मिठाची चिमूट जिभेच्या कडेला अशी लागली की डोळे मिटले गेले. नऊ-दहा चमचे झाले आणि हात आपोआप वाटी उचलायला गेला. तुमचं वाक्य आठवलं, वाटी खाली ठेवली. मग सगळ्यात कठीण भाग सुरू झाला. दोन दिवस भूक मेलेली होती, ती या दहा चमच्यांनी अशी जागी झाली की काही विचारू नका. बाबा समोर बसून पोहे खात होते, वर शेव. मी गच्चीत जाऊन फेऱ्या मारल्या.

सव्वानऊला शितांसकट पेज, पाऊण वाटी. पोटात गुडगुड झाली, कळ नाही. आता शहाळं आणलंय, ते अर्धं पिऊ का?

---

स्टेथो | १०.३४

प्या, एका दमात नको. त्यात पोटॅशियम चांगलं असतं, १०० मिलीला साधारण अडीचशे मिलिग्रॅम. मूत्रपिंडं ठीक असलेल्या माणसाला उपयोगीच. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, हवं तर ते अंडं. रात्री शिजवलेली दुधी-पडवळ आणि भात किंवा एक फुलका. कच्ची कोशिंबीर, उसळी, तळण आणि जाग्रण हे सोमवारपर्यंत राहू द्या. चहा अर्धा कप, काही खाल्ल्यानंतरच. आणि आज व्यायामशाळेत जाऊन पराक्रम नको.

---

केटोनाथ | १०.४०

अंड्याला परवानगी मिळाली, माझं काम झालं.

---

चिपळूणकर_काकू | ११.०२

गुरांचं म्हणाली का आई! त्यांना सांग, गुरांना घालतात ते धुवण. ही पेज आहे. माझा नमस्कार सांग.

---

उंबरठा | रविवार, सकाळी ९.४५

शेवटचा वृत्तांत. कालचा दिवस सुरळीत. दुपारी मऊ भात-मेतकूट-तूप, वर मुगाचं वरण. अंडंही खाल्लं, केटोनाथांच्या नावाने. पोट आज सकाळी व्यवस्थित, वॉचमनची गरज पडली नाही.

एक शंका. शनिवारी सकाळी वजन ८१.१ होतं, म्हणजे २.९ किलो कमी. आज एका दिवसात ८२.३! एवढंसं खाऊन सव्वा किलो? पायमोज्यांचे वळही उमटलेत घोट्यावर.

---

स्टेथो | १०.१०

ते पाणी आहे. साठवणीतल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला तेव्हा ते गेलं, भात खाल्लात तेव्हा परत यायला लागलं. शिवाय इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, म्हणून घोटे. दोन-तीन दिवसांत उतरेल. सूज वाढत गेली, धाप लागली, धडधडलं तर मात्र दाखवा. आणि हिशेब सरळ आहे: दिवसाला अठराशे कॅलरी धरल्या तर साठ तासांत साडेचार हजार. सगळ्या चरबीतून आल्या असं मानलं तरी अर्धा किलो. बाकीचे अडीच किलो तुमचे कधी गेलेच नव्हते.

---

खवय्या_नंबर_एक | १०.१८

अर्ध्या किलोसाठी साठ तास! माझी श्रीखंड-पुरी बरी.

---

सांगलीची_हळद | १०.२५

साबुदाण्याचं काय झालं ते कोणी विचारलंच नाही.

---

उंबरठा | १०.३१

डॉक्टरांचं नाव सांगून आईला समजावलं: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत, वर तूप आणि मूठभर दाण्याचं कूट, त्यामुळे आज नको, मंगळवारनंतर खाईन. ती काही बोलली नाही. संध्याकाळी बटाटा घालून वडे केले. बाबांनी सात खाल्ले आणि रात्री साडेअकराला ओवा कुठे ठेवलाय म्हणून मला उठवलं.

त्यांच्यासाठी सकाळी उरलेली पेज गरम केली. आईच म्हणाली, “तुझ्या त्या चिपळूणच्या काकूंना विचार, हिला जिऱ्याची फोडणी चालते का.”